जुईनगरला उतरायचं राहून गेलेल्या बाईंना

आदरणीय बाई,

तुमचं नाव कुठे घ्यायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'बाई'. पत्र मात्र उघडच लिहिते आहे. कादंबरीचा खर्डा पिशवीत घालून फिरणारे माझ्यासारखे ठाण्यात, नवी मुंबईत पुष्कळ आहेत. शेवटच्या पानापर्यंत वाचणारं माणूस भेटतं, हे त्यांना कळायला हवं.

तुमच्याआधी तो खर्डा ज्यांच्याकडे गेला त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, राग अजून ओला आहे. एका प्रकाशकांनी अख्खा पावसाळा ठेवून घेतला आणि परत दिला तेव्हा पानं उलटल्याची खूणसुद्धा नव्हती. एका जाणकारांनी सुरुवातीची पानं चाळली आणि म्हणाले, "आगरी संवाद शुद्ध मराठीत करून आणा, मग बघू." खाडीकाठची म्हातारी, शेतात मोजणीवाले घुसल्यावर, शुद्ध मराठीत ओरडेल? आणखी एकांनी तर विषयही न विचारता छपाईचा खर्च सांगितला. नकार ऐकायची माझी तयारी होती. न वाचता दिलेला नकार मात्र फार लागतो.

तुमची गाठ पडली मराठी ग्रंथसंग्रहालयात. १८९३ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयाचे ठाणेकरांवर आधीच पुष्कळ उपकार आहेत, त्यात माझा एक वाढला. "जन्म मुद्रितं तपासण्यात गेला, बघते," एवढंच म्हणालात आणि जाडजूड खर्डा भाजीच्या पिशवीत ठेवलात.

परत आला तेव्हा समासात पेन्सिलीनं स्टेशनांची नावं होती. ठाण्याहून लेकीकडे जाता-येता तुम्ही नेरुळच्या गाडीत वाचत होतात. 'ऐरोली. इथे खिडकीबाहेर बघायला लागले.' 'घणसोली. हे कोण बोलतंय?' 'तुर्भे. मागचं पान पुन्हा काढावं लागलं.' आणि उघाडी, म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार, फुटून खारं पाणी भातात शिरतं, त्या प्रकरणाच्या शेवटी: 'जुईनगरला उतरायचं होतं. नेरुळ आलं.'

बाई, ती ओळ वाचून मी रडले. 'छान आहे, लिहीत राहा' असं म्हणणारे बरेच भेटले होते, त्यातून हाती काहीच लागत नव्हतं. तुमच्या त्या बारीक अक्षरातून मला वाचणारं माणूस दिसलं. ते कुठे कंटाळलं, कुठे गोंधळलं, कुठे सगळं विसरलं, हे पानापानावर कळत गेलं.

खिडकीबाहेर बघितल्याच्या खुणा सगळ्यात दाट होत्या त्या नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनाच्या प्रकरणात. तिथे मी वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं घातलं होतं: नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची १९७० सालची स्थापना, जमिनी गेलेली ठाणे-रायगडातली ९५ गावं, दि. बा. पाटलांचं नेतृत्व, जानेवारी १९८४ मधला जासई-दास्तान फाट्याचा गोळीबार, पाच हुतात्मे, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची पुढची योजना. यातली एक ओळही तुम्ही खोडली नाहीत. भेटल्यावर फक्त विचारलंत, "हे सगळं तुला माहीत आहे. त्या संध्याकाळी आजीला किती माहीत होतं?"

कादंबरीतल्या आजीला फार थोडं माहीत होतं. मुलगा सकाळी जासईला गेला आणि दिवेलागण झाली तरी परतला नाही, एवढंच. ते प्रकरण मी पहिल्या शब्दापासून नव्यानं लिहिलं. तारखा गेल्या, आकडे गेले. उरली उंबऱ्यात बसलेली बाई, चुलीवर गार होत चाललेला भात, आणि येणारा प्रत्येक जण सांगत असलेली वेगळीच हकिकत. गोळीबार आता एकाही पानावर दिसत नाही, तरी वाचताना भीती वाटते. साडेबारा टक्के कादंबरीत आहेतच, पण खूप नंतर, भावकीच्या भांडणात. घरात ते खरे तिथूनच शिरले.

आणि एक. हयातभर ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेल्या तुमच्या हातानं माझ्या आजीचं 'पानी' जसंच्या तसं राहू दिलं. उलट जिथे माझ्याकडून 'पाणी' पडलं होतं तिथे तुम्ही हलकेच गोल केलात.

मानधनाचं विचारलं तर केवढ्या रागावलात! पुस्तकावर लेखकाचं नाव येतं, चित्रकाराचं येतं, मुद्रितं तपासणाऱ्याचं बहुतेक वेळा येतच नाही. अशा बिननावाच्या माणसांनी किती पुस्तकं उभी केली असतील! परक्याच्या अर्ध्याकच्च्या कामाला आपला वेळ द्यायचा, ते त्याचं आहे हे न विसरता मन लावून बघायचं, आणि वर उपकाराची भाषा काढायची नाही. मला हा मोठा चांगुलपणा वाटतो, आणि तो अजून आहे, याचं बळ फार मोठं आहे.

सातवं प्रकरण अडलंय. आजी मिळालेल्या प्लॉटवर पहिल्यांदा येते आणि आपल्या शेताचा बांध नेमका कुठून जात होता हे तिला ओळखता येत नाही. पुढे ती काय करते, ते मला अजून सापडलेलं नाही. रविवारी आईच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या घेऊन येते, तेव्हा बोलू.

तुमची,
कोपरखैरण्याची लिहिणारी