केमोच्या खोलीत एक नर्स आणखी हवी: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: जिल्हा रुग्णालयांतील कॅन्सर डे-केअर केंद्रांत नैराश्याच्या उपचाराची सोय पहिल्या दिवसापासून करण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तीन वर्षांत कॅन्सरचे डे-केअर केंद्र, म्हणजे दिवसभरात केमो घेऊन घरी जायची सोय, काढायचे जाहीर झाले. गडचिरोलीच्या बाईला केमोची बाटली लावून घ्यायला नागपूर गाठावे लागणार नाही, नंदुरबारच्या माणसाला परळच्या फुटपाथवर पथारी टाकावी लागणार नाही. फार बरे होईल. केंद्र उभे करताना खुर्च्या किती, औषध मिसळायची खोली कुठे, सलाइनचे स्टँड किती, याच्या याद्या होतील. त्या यादीत एक माणूस राहून जाईल अशी मला भीती आहे, म्हणून हे पत्र. जिला पेशंटचे नैराश्य ओळखता येते आणि त्यावर उपचारही करता येतात, अशी एक नर्स त्या केंद्रात हवी. आठवड्यातून एकदा तिच्याबरोबर बसून प्रत्येक पेशंटचा आढावा घेणारा मानसोपचारतज्ज्ञ हवा. मागणी एवढीच आहे.

मी सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) होते, नोकरीतली बरीच वर्षे कॅन्सर विभागात गेली. आता निवृत्त आहे, त्यामुळे मंत्र्यांना जाहीर पत्र लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

या विषयावर पहिले उत्तर नेहमी एकच मिळते: "कॅन्सर झाल्यावर माणूस खचणारच, त्यावर इलाज कसला?" डॉक्टर हेच म्हणतात, नातेवाईक हेच म्हणतात आणि पेशंटलाही ते पटलेले असते. स्कॉटलंडमध्ये मायकेल शार्प आणि जेन वॉकर या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी हे उत्तर तपासून पाहिले. शार्प एडिंबरो विद्यापीठात आणि पुढे ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक. त्यांच्या गटाने कॅन्सरच्या ओपीडीत येणाऱ्या २१,१५१ पेशंटांची माहिती २०१४ साली प्रसिद्ध केली. गंभीर नैराश्याचा आजार फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये १३.१ टक्के, स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कॅन्सरमध्ये १०.९, स्तनांच्या ९.३, मोठ्या आतड्याच्या ७ आणि मूत्र व पुरुष जननमार्गाच्या ५.६ टक्के लोकांना होता. म्हणजे बहुतेकांना तो झालेलाच नव्हता. कॅन्सर झाला की माणूस खचणारच, हे खरे असते तर हे आकडे शंभराच्या आसपास असायला हवे होते. दुःख सगळ्यांना होते, रडू सगळ्यांना येते. पण काहीजणांना त्याहून वेगळा, स्वतंत्र आजार जडतो आणि आजार म्हटला की उपचार आले. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक वाईट. नैराश्य असलेल्यांपैकी ७३ टक्के लोकांना कसलाही परिणामकारक उपचार मिळत नव्हता. तोही अशा देशात, जिथे सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत आणि प्रत्येकाला आपला ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो.

का मिळत नाही, ते ओपीडीत तासभर बसले की कळते. डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" पेशंट म्हणतो, "बरं आहे." मागे रांग असते. जेवण जात नाही, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, कशात लक्ष लागत नाही, ही नैराश्याची लक्षणे. आणि हीच केमोचीही. सगळे केमोच्या खात्यावर जमा होते आणि फाइलमध्ये मल्टिव्हिटॅमिन लिहिले जाते. डॉक्टरांना दोष देत नाही. ज्यांना गाठ किती सेंटीमीटर उरली तेच सांगायला दोन मिनिटे मिळतात, त्यांनी मनाचे कधी विचारावे?

आता शार्प यांच्या ज्या अभ्यासासाठी हे पत्र लिहिते आहे, तो. निदान वर्षभर तरी जगण्याची शक्यता असलेले आणि गंभीर नैराश्य असलेले ५०० पेशंट त्यांनी घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटात नेहमीची पद्धत. नेहमीची म्हणजे काय, हे कृपया नीट वाचावे: पेशंटला नैराश्य आहे हे शोधून काढले, त्याच्या फॅमिली डॉक्टरला आणि कॅन्सरच्या डॉक्टरला ते कळवले आणि तुमच्या पद्धतीने उपचार करा असे सांगितले. आपल्याकडे "मानसोपचार विभागास दाखवावे" असा शेरा मारून केस पेपर हातात देतात, त्याच्यापेक्षा हे चांगलेच. चोवीस आठवड्यांनी या गटातल्या १७ टक्के लोकांचा त्रास निम्म्यावर आला. दुसऱ्या गटाला खास शिकवलेली कॅन्सर विभागातली नर्स मिळाली. चार महिन्यांत जास्तीत जास्त १० भेटी, नंतर फोनवर विचारपूस. आजार काय आहे ते ती समजावून सांगे, सुटलेली कामे थोडी थोडी परत धरायला लावी, अडचणी एकेक करून सोडवायला शिकवी, गोळ्या चालू आहेत की बंद केल्या ते पाही. मानसोपचारतज्ज्ञ तिच्या पेशंटांचा नियमित आढावा घेई आणि सुधारणा दिसली नाही तर उपचार बदलायला लावी. या गटात त्रास निम्म्यावर आला ६२ टक्के लोकांचा. जादा खर्च पेशंटमागे सुमारे ६१३ पौंड, तोही तिकडच्या पगारांनी.

१७ आणि ६२ यांच्या मधला फरक हा चिठ्ठी देणे आणि मागे लागणे यातला फरक आहे. आपल्या सगळ्या योजना चिठ्ठीपाशी थांबतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून आहे, फोनवर मानसिक मदत देणाऱ्या टेली-मानसचा १४४१६ क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून आहे, जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. कॅन्सरचा पेशंट यातल्या कुठेही आपल्या पायाने जात नाही. एक तर "डोक्याच्या डॉक्टर"ची पायरी चढायची लाज वाटते. आणि लाज सोडली तरी ती ओपीडी दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या वारी, नव्या केस पेपरवर असते. उलटी होत असलेल्या माणसाने एसटीचे भाडे पुन्हा खर्चून तिथे जायचे. तो जात नाही, आणि रजिस्टरमध्ये "रेफर केले" अशी नोंद राहते. अशा नोंदी मीही ढीगभर केल्या आहेत.

आपले अधिकारी सांगतील की ते स्कॉटलंड आहे, आपल्याकडे माणसे कुठे आहेत. म्हणून शेजारच्या गोव्याचे सांगते. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्था यांनी तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे उपचार करणारे ना डॉक्टर होते, ना नर्स. स्थानिक साधी माणसे, मानसोपचाराचे आधी कसलेही शिक्षण नसलेली, या कामापुरती शिकवून तयार केलेली. सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ३९ टक्के. ते कॅन्सरचे पेशंट नव्हते, हे मान्य. पण काम तेच आहे आणि बोलली जाणारी भाषा कोकणी-मराठी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत मानसिक आरोग्याचा 'विश्राम' प्रकल्प झाला, तिथे नैराश्य असूनही मदत घेणारे आधी १०० मागे चारच होते, १८ महिन्यांत २७ झाले. आपल्याच खात्याच्या प्रेरणा प्रकल्पात २०१५पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत आशाताई शेतकऱ्यांच्या घरी जाऊन ताणतणावाबद्दल विचारतात. विचारायचे कसे, हे या राज्याला येते. कॅन्सरच्या खोलीत ते अजून शिरलेले नाही, इतकेच.

मग मानसोपचारतज्ज्ञ हवाच कशाला, नर्स पुरे, असेही कुणी म्हणेल आणि एक पद वाचवेल. तसे करू नये. स्तनाच्या कॅन्सरनंतर पुष्कळ बायकांना पाच-पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घ्यावे लागते. ते पोटात गेल्यावर यकृतात त्याचे खऱ्या ताकदीच्या रूपात रूपांतर व्हावे लागते. नैराश्याच्या काही गोळ्या, विशेषतः पॅरॉक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन, ते रूपांतर अडवतात. टॅमॉक्सिफेनच्या जोडीने पॅरॉक्सेटीन घेणाऱ्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू वाढलेले कॅनडातल्या एका अभ्यासात २०१०मध्ये दिसले. व्हेनलाफॅक्सिनसारखी दुसरी गोळी दिली की हा प्रश्न येत नाही. गावातल्या डॉक्टरने "झोप येत नाही ना, ही घ्या" म्हणून चुकीची गोळी दिली, तर मन सुधारेल आणि कॅन्सरचे औषध कमजोर पडू शकेल. केमोआधी देतात त्या डेक्सामेथासोनने माणूस दोन रात्री जागा राहतो, मग एकदम कोसळतो. मानेला लाईट (रेडिएशन) दिल्यावर काही महिन्यांनी थायरॉइड मंदावते आणि माणूस सुस्त, उदास दिसतो. त्याला समुपदेशन नको, थायरॉइडची गोळी हवी. हे सगळे ओळखणारा कुणीतरी त्या नर्सच्या मागे उभा असला पाहिजे. पूर्ण वेळ नको. आठवड्यातून एक दुपार पुरेल, आणि दूरच्या जिल्ह्यात ती व्हिडिओ कॉलवरही चालेल.

तोंडाच्या कॅन्सरवर थोडे थांबावे लागेल, कारण आपल्याकडे पुरुषांत तोच जास्त. गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे आणि विदर्भात तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायची पानटपरी प्रत्येक नाक्यावर आहे. ऑपरेशनमध्ये जबडा जातो, गाल जातो. नाकातून घातलेल्या राइल्स ट्यूबमधून दूध-डाळीचे पाणी. लाळ गळते म्हणून खांद्यावर कायम टॉवेल. बोललेले घरच्यांनाही कळत नाही, म्हणून बोलणे बंद. पंचायतीत, लग्नात, पोळ्याला पुढे असणारा माणूस घराच्या मागच्या खोलीत बसतो. तिशी-पस्तिशीतली पोरे असतात ही, आणि पाठी कर्ज असते. यांच्यासाठी सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशन होते, लाईट होते, केमो होते. घरी गेल्यावर तो कसा जगतो, हे विचारायची जबाबदारी कुठल्याच पदाच्या कर्तव्यसूचीत नाही.

आणि जीव देण्याबद्दलही लिहायलाच हवे. स्वीडनमध्ये साठ लाखांवर लोकांच्या सरकारी नोंदी तपासून २०१२मध्ये एक निष्कर्ष आला: कॅन्सर नसलेल्यांच्या तुलनेत, निदान कळल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका १२.६ पट असतो आणि पहिल्या वर्षात ३.१ पट. उपचार सुरूही झालेले नसतात तेव्हा धोका सर्वांत जास्त असतो. म्हणजे ती नर्स केमोच्या तिसऱ्या बाटलीला भेटून उपयोग नाही. बायॉप्सीचा रिपोर्ट हातात पडतो त्याच दिवशी भेटली पाहिजे.

आपल्याकडे तो रिपोर्ट बहुधा पेशंटच्या हातात पडतच नाही. मुलगा तो दाराबाहेर घेतो आणि हात जोडून सांगतो, "मॅडम, बाबांना सांगू नका, ते हाय खातील." आत बाबांना सगळे कळलेले असते, तेही हात धरून म्हणतात, "पोराला म्हणू नका मला माहीत आहे." बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतले मानसोपचाराचे माजी प्राध्यापक संतोष चतुर्वेदी यांनी भारतातल्या या लपवाछपवीवर पुष्कळ लिहिले आहे. घरच्यांना खोटे ठरवायचे नाही, पेशंटला किती जाणून घ्यायचे आहे ते आधी त्यालाच विचारायचे आणि मग दोघांना एका खोलीत आणायचे, हे शिकवता येण्यासारखे कौशल्य आहे. सध्या ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडलेले आहे.

एका बाबतीत सावध करते, कारण मंत्रालयात फाइल फिरताना कुणीतरी हे वाक्य घुसवेल. नैराश्यावर उपचार केले म्हणजे कॅन्सरचा पेशंट जास्त जगतो, असे लिहू नये. शार्प-वॉकर यांच्याच गटाने आपल्या पेशंटांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतला. आयुर्मानात ठाम फरक सापडला नाही आणि त्यांनी तसे छापले. "मन खंबीर ठेवा, कॅन्सर पळून जाईल" हे भाषणात बरे वाटते, पण ज्याचा आजार उलटतो त्याला ते ऐकून वाटते की आपलेच मन कच्चे होते. उपचार द्यायचे ते उरलेले दिवस, मग ते तीन महिने असोत की तीस वर्षे, माणसाला जेवता यावे, झोपता यावे, नातवाशी बोलता यावे म्हणून. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ तेच सांगतो: कलम १८ने सरकारी सेवेत मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे आणि कलम २१ने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवायला सांगितले आहे. इथे तर दोन्ही आजार एकाच खुर्चीत बसलेले आहेत.

तेव्हा डे-केअर केंद्रांच्या पदनिर्मितीच्या प्रस्तावात हे पद आत्ताच घालावे. इमारतीचे उद्घाटन झाल्यावर पद मंजूर करून घेणे किती जड जाते, ते मी नोकरीभर पाहिले आहे. बाहेरून कंत्राटी समुपदेशक आणू नयेत. अकरा महिन्यांनी ते जातात आणि पेशंट पुन्हा अनोळखी माणसासमोर बसतो. केमो लावणाऱ्या नर्समधलीच एक निवडावी, तिला शिकवावे आणि मग दोन-तीन वर्षे तिची बदली करू नये. किती जणांना नैराश्य निघाले आणि सहा महिन्यांनी त्यातल्या किती जणांना उतार पडला, हे दोन आकडे दर केंद्राने जाहीर करावेत. "किती जणांचे समुपदेशन केले" हा आकडा मागूच नये. तो नेहमी भरपूर असतो.

सुरुवात कुठून करावी ते आपण ठरवाल. मला विचाराल तर यवतमाळपासून. तोंडाचे कॅन्सर तिथे आहेत आणि घरोघरी मनाचे विचारायची सवय असलेल्या प्रेरणाच्या आशाही तिथे आहेत. नर्सच्या प्रशिक्षणात पेशंट म्हणून समोर बसायला कुणीतरी लागते. मान खाली घालून "बरं आहे" म्हणणाऱ्या बाया मी खूप पाहिल्या आहेत. ते काम मी मानधन न घेता करीन, फक्त आठ दिवस आधी कळवावे.

आपली,
निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)