स्पॅरो सोडल्यानंतर काय करायचं, हे शिकवणाऱ्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

डीसीएस या विमान उडवण्याच्या संगणक-खेळातल्या हॉर्नेट लढाऊ विमानावरून एआयएम-७ स्पॅरो हे रडारच्या जोरावर जाणारं मिसाईल डागायला शिकवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. मास्टर आर्म (शस्त्रांचा मुख्य स्विच) चालू करा, एअर-टू-एअर मोड घ्या, वेपन सिलेक्ट स्विच पुढे ढकला, रडार शत्रूवर लॉक करा, ट्रिगर ओढा. एवढं सगळं करूनही "काहून नाही लागलं बे?" हा प्रश्न दर शनिवारी उरायचाच. आम्हा नागपूरकरांचं एकेक उड्डाण टॅकव्ह्यू या रेकॉर्डिंग दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडून तुम्ही त्याचं उत्तर दिलंत, म्हणून हे पत्र.

सगळ्यात मोठे आभार रडारचा अँटेना वर-खाली झुकवणाऱ्या चाकाबद्दल. रडार आडवं फिरताना सगळ्यांना दिसतं, ते वर-खाली किती झुकलंय याकडे कुणी बघत नाही. तुमचा हिशेब आता सगळ्यांना पाठ आहे: ६० मैलांवर १ अंश म्हणजे साधारण ६,००० फूट, ४० मैलांवर ४,००० फूट, १० मैलांवर १,००० फूट. आपण २७,००० फुटांवर आणि शत्रू १५,००० फुटांवर असेल, तर ४० मैलांवर अँटेना ३ अंश खाली हवा. तोच शत्रू २० मैलांवर आला की ६ अंश. अंतर घटत जातं, चाक मात्र तिथंच राहतं, आणि पडद्यावरचा ठिपका गायब होतो. मग लोक रडारला शिव्या घालतात. कर्सरशेजारचे ते दोन छोटे आकडे त्या अंतरावर बीम कुठून कुठपर्यंतची उंची झाडतोय ते सांगतात. शत्रूची उंची त्या दोघांच्या मध्ये ठेवली की काम झालं. १४० अंश रुंदी आणि ६ बार (एकाखाली एक सहा आडव्या ओळी) एकदम लावले, तर एक फेरी संपेपर्यंत शत्रू कुठल्या कुठे पोचतो, हेही तुम्हीच दाखवलंत.

डागण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मिसाईल ट्रिगरनेच सुटतं, बॉम्बच्या बटणाने नाही. आणि ते विमान सोडेपर्यंत ट्रिगर दाबून धरायचा. SHOOT अक्षरं नुसती दिसली म्हणून घाई नको, लुकलुकायला लागू द्या. मोटर काही सेकंदच जळते, पुढचं सगळं साठलेल्या वेगावर. लांबून सोडलेल्या मिसाईलपुढे शत्रूने पाठ फिरवली की ते वाटेतच दमतं. ३०,००० फुटांवरच्या विरळ हवेत तेच मिसाईल कितीतरी लांब जातं.

खरा धडा त्यानंतरचा. स्पॅरोच्या नाकात फक्त रिसीव्हर आहे. आपल्या रडारच्या लहरी शत्रूवर आदळून परततात, त्यांच्या मागे ते जातं. म्हणून धडक होईपर्यंत लॉक टिकला पाहिजे. अँटेना बाजूला ७० अंशांपर्यंतच वळतो, तेव्हा डागल्यावर वळून शत्रूला ५० अंशांच्या आसपास ठेवायचं आणि उंची सोडत जायचं. अंतर सावकाश कमी होतं, लॉकही शाबूत राहतो. कडेला चिकटून उडणाऱ्याचा लॉक शत्रूच्या एका वळणात तुटतो. लॉक सोडायचं अनडेझिग्नेट बटण स्टिकवर अंगठ्याखालून हलवायला लावलंत, तेव्हापासून चुकून लॉक सोडण्याचा प्रकार बंद झाला.

नॉचवरचा, म्हणजे आडवं वळून रडारला चकवण्याच्या चालीवरचा, तुमचा उपाय तर अफलातून. शत्रू आडवा वळला की त्याचा आपल्याकडे येण्याचा वेग शून्याजवळ जातो आणि डॉप्लर रडार त्याला जमिनीच्या परताव्याबरोबरच गाळून टाकतं. आपण त्याच्या खाली उतरलो, तर त्याच्यामागे जमिनीऐवजी आकाश येतं आणि निसटणं त्याला जड जातं. तरी लॉक तुटलाच, तर नाक त्याच्या शेवटच्या जागेकडे ठेवून मीडियम पीआरएफवर (पीआरएफ म्हणजे रडार सेकंदाला किती ठोके सोडतं ते) पुन्हा शोधायचं. हाय पीआरएफ समोरून येणाऱ्यासाठी उत्तम, पण पाठ दाखवणाऱ्यावर कमी पडतो.

आणि हो, मे महिन्यातल्या कूलरच्या घरघरीत "नॉच!" ही हाक बुडायची. पुश-टू-टॉकचं बटण थ्रॉटलवर लावायला लावलंत, त्याबद्दल घरच्यांकडूनही धन्यवाद.

आता एआयएम-१२० हे मिसाईल शिकायला घ्यायचं आहे. त्याचं स्वतःचं रडार कधी जागं होतं आणि आपण कधी पाठ फिरवायची, यावर येत्या शनिवारी बसाल का? सरावाचं मिशन तयार आहे: दोन मिग-२९, २५,००० फूट, समोरासमोर.

आपली,
शनिवारची मंडळी, नागपूर