उंच इमारतींचे बदलते आराखडे

संपादक महोदय,

गुजरात सरकारने २०२० मध्ये बडोद्यासह पाच शहरांत सत्तर मजल्यांहून उंच इमारतींना परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हा चर्चा उंचीचीच झाली. आराखडा मध्येच बदलला किंवा काम रखडले तर काय, हा प्रश्न मागे पडला. शिकागोत २००५ साली जाहीर झालेल्या ‘शिकागो स्पायर’ या गगनचुंबी इमारतीचे आराखडे बदलत गेले, २००७ मध्ये पायाचे काम सुरू झाले, पुढच्याच वर्षी मंदीत ते थांबले आणि भर शहरात प्रचंड गोल खड्डा अनेक वर्षे तसाच राहिला.

आपल्याकडे २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यातील कलम १४ प्रमाणे मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा, तर किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. मात्र ज्यांच्या गल्लीतील रस्ते, पाणी आणि गटारे यांवर वाढीव मजल्यांचा भार पडणार, त्या शेजाऱ्यांना त्या कलमात स्थान नाही. बडोद्यातील विश्वामित्री नदीच्या ऑगस्ट २०२४ मधील पुरानंतर तळघर किती खोल न्यावे, हाही एकट्या बिल्डरचा प्रश्न उरलेला नाही.

म्हणून महापालिकेने प्रत्येक सुधारित आराखडा जागेवरील फलकावर लावावा (संकेतस्थळावर शोधाशोध करणे ज्येष्ठांना जमत नाही) आणि काम बंद पडल्यास खड्डा बुजवण्यापुरती अनामत रक्कम आधीच भरून घ्यावी.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा