चकाकवण्याआधी पिस्तूल नीट पाहा

मा. संपादक,
स.न.

जुने सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल हाती आले की हौशी मालकाला पहिली घाई असते ती चकाकवण्याची, आणि किंमत घसरते ती तिथेच. झिजलेले पण मूळ ब्ल्यूइंग (पोलादावर रसायनांनी चढवलेला निळसर-काळा थर) असलेले पिस्तूल संग्राहकाला नव्या मुलाम्यापेक्षा बहुधा अधिक मोलाचे वाटते. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढून, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे अडकवून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, गोळी उरलेली नाही हे डोळ्याने आणि बोटाने तपासावे. मग भिंगाखाली अक्षरे पाहावीत. कोरीव अक्षरांच्या कडा बोथट आणि पिनांच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा दिसला, तर कुणीतरी आधीच बफिंगचा (फिरत्या चाकावर चकाकवण्याचा) हात फिरवला आहे असे समजावे.

करायचेच असेल तर 320 नंबरचा पॉलिश पेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून घासावा, पुढे 400 आणि 600. नुसत्या बोटाने दाबून घासले की सपाट बाजूला लाटा पडतात. अनुक्रमांकावर पेपर अजिबात नको. तो पुसणे अनेक देशांत सरळ गुन्हा आहे. मग अ‍ॅसिटोनने तेल काढावे. यानंतर उघडा हात लागला की ठसा उमटलाच!

थंड ब्ल्यूइंगच्या द्रावणात बहुधा सेलेनियमची संयुगे असतात, म्हणून हातमोजे हवेतच. शिवाय तो थर फार टिकतही नाही. गरम ब्ल्यूइंग टिकते, पण त्यातला कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम खाऊन टाकतो. स्प्रिंगा गंज काढायच्या आम्लात बुडवू नयेत. हायड्रोजन शिरून त्या ठिसूळ होतात, नव्याच घालाव्यात.

– एक वाचक