डॉक्टरताई, तुम्ही लेकीला खरं सांगितलंत

आदरणीय डॉक्टरताई,
सप्रेम नमस्कार.

१०८ च्या गाडीवरच्या माणसांचे आभार मानायचे राहूनच जातात. रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर आत गेलं, कागदावर सही झाली, की तुमची गाडी वळते. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, बरे होऊन घरी आले तेव्हा आम्ही हार्टच्या डॉक्टरांना पेढे दिले, वॉर्डातल्या सिस्टरना दिले, लिफ्टवरच्या मामांनाही दिले. ज्यांनी सगळ्यात आधी नानांच्या अंगाला हात लावला ते तुम्ही आणि गाडी चालवणारे पायलट दादा, तुम्ही दोघं मात्र कुठल्या तरी दुसऱ्या घरी पोचलेले होतात. हे पत्र त्यासाठी आहेच. पण माझे खरे आभार वेगळ्या गोष्टीचे आहेत. माझ्या लेकीने तुम्हाला एक प्रश्न विचारला आणि तुम्ही तिला गोड गोड न बोलता उत्तर दिलंत, त्याचे.

नानांचं आधी लिहिते. सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळेला त्यांच्या छातीवर दडपण आलं, बनियन घामाने भिजला, आणि तरी ते म्हणत होते की पित्त झालंय, थंड दूध द्या. फोन लेकीने लावला. फोन पुण्यात औंधच्या नियंत्रण कक्षात लागतो आणि गाडी मात्र आपल्या नाशिकच्या मखमलाबादला येते, याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं. तुम्ही आलात, चपला दाराशी काढायला निघालात, मीच ओरडले, राहू द्या हो! तुम्ही नानांना विचारलंत, कसली अ‍ॅलर्जी आहे का, पोटात अल्सर आहे का, कधी रक्ताची उलटी झाली होती का, आणि मग अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला लावलीत. ईसीजीची पट्टी बघून म्हणालात, हा अटॅकच आहे, आता जवळचं बघायचं नाही, जिथे लगेच अँजिओप्लास्टी होईल, हृदयाची बंद नळी उघडतील, तिथेच जायचं. गाडीतूनच तुम्ही तिथे फोन केलात. आम्ही पोचलो तेव्हा माणसं दारात उभी होती.

गाडीत मागे तुमच्यासोबत माझी लेक होती. नानांच्या छातीवर तुम्ही दोन मोठे पॅड चिकटवलेत तेव्हा तिने घाबरून विचारलं, हे शॉकचं आहे ना? तुम्ही तिला सांगितलंत की अटॅकनंतरच्या पहिल्या काही तासांत हृदयाची लय एकाएकी बिघडू शकते, तसं झालंच तर शोधाशोध करण्यात वेळ जायला नको, म्हणून आधीच लावून ठेवतो. आणि तिला काम दिलंत: "तू आजोबांशी बोलत राहा. ते बोलायचे थांबले की मला लगेच सांग." रामवाडीच्या पुलावरून अशोकस्तंभापर्यंत ती नानांना द्राक्षाच्या छाटणीबद्दल काय काय विचारत होती. शॉक द्यायची वेळ आली नाही. पण बारावीतल्या मुलीला त्या गाडीत तुम्ही नुसती बघणारी ठेवली नाहीत, हे मला नंतर कळलं, आणि ते मी विसरणार नाही.

अशोकस्तंभाला एका रिक्षावाल्याने आणि दोन कॉलेजच्या मुलांनी उतरून गाड्या बाजूला करायला लावल्या. अँब्युलन्सला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या तिघांना हे कलम ठाऊक असेल असं मला वाटत नाही. त्यांचेही आभार, ते हे वाचोत न वाचोत.

बारावीच्या निकालानंतर लेक म्हणाली, मला इमर्जन्सी मेडिकलला जायचंय. डॉक्टर व्हायचंय का, तर नाही. अँब्युलन्सवरचंच काम. घरात शांतता पसरली. तिच्या बाबांना इंजिनिअरिंग हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, मुलीच्या जातीने रात्री-अपरात्री परक्या घरात शिरायचं? मला काय वाटत होतं ते मला नीट सांगताही येत नव्हतं. म्हणून मी तिला घेऊन तुमची गाडी उभी असते तिथे आले. तिने तुम्हाला थेट विचारलं, "मॅडम, तुम्ही हे काम का निवडलं?"

तुम्ही उत्तर द्यायला लागलात आणि कॉल आला. वाक्य अर्धं टाकून तुम्ही गेलात. आम्ही परत जाणार होतो, पण लेक उठेना. बऱ्याच वेळाने तुम्ही आलात, कोपरापर्यंत हात धुतलेत, ड्युटी संपवून कपडे बदललेत, आणि चहाच्या टपरीवर बसून ते वाक्य तिथूनच पुढे सुरू केलंत.

तुम्ही म्हणालात, "खरं सांगू? मी निवडलं नव्हतं. बीएएमएस झाले, आयुर्वेदाची डॉक्टर, स्वतःचा दवाखाना टाकायला पैसे नव्हते, आणि इथे नोकरी होती." मला वाटलं होतं तुम्ही सेवाभाव वगैरे काहीतरी सांगाल. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या होत्या आणि प्रत्येक गाडीवर डॉक्टर ठेवायचं ठरलं. इतर बऱ्याच राज्यांत टेक्निशियन असतात, आपल्याकडे डॉक्टर. त्यामुळे तुमच्यासारख्या कितीतरी बीएएमएस मुलामुलींना दार उघडलं. लेकीला तुम्ही सांगितलंत की या कामात येणारी अर्धीअधिक माणसं नोकरी म्हणूनच येतात, त्यात लाजायचं काही नाही. का आलो याचं कारण एक असतं, आणि का राहिलो याचं वेगळं असतं.

राहण्याचं कारण सांगताना मात्र तुमचा आवाज बदलला. तुम्ही सुरगाण्याकडच्या. लहानपणी पाड्यावरच्या बाळंतिणीला झोळीत घालून चार माणसं डांबरी रस्त्यापर्यंत नेताना तुम्ही पाहिलेलं. ती बाई वाचली का, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. पावसाळ्यात पेठ-सुरगाणा भागात साप चावलेला माणूस आला की त्याचा घट्ट आवळलेला दोरा जपून सोडवावा लागतो, मांत्रिकाकडे गेलेला वेळ मोजावा लागतो, आणि तरी सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेल्या रुग्णालयात तो वेळेत पोचला तर काही दिवसांनी चालत घरी जातो. "बाह्यरुग्ण विभागात मी औषध लिहून दिलं तर गुण आला का ते आठ दिवसांनी कळतं, तेही पेशंट परत आला तर," तुम्ही म्हणालात. "इथे वीस मिनिटांत कळतं. मी होते म्हणून काय झालं, ते डोळ्यांनी दिसतं. याची सवय लागते." आणि दुसरं म्हणालात ते लेकीने वहीत लिहून ठेवलंय: गाडीत आपण दोघंच असतो, सांगायला फोनवर सीनियर असतात, पण हात आपलेच.

पायलट दादांचं कारण त्याहून निराळं. ते आधी ट्रकवर होते, मुंबई-आग्रा रस्त्यावर. कसारा घाटात एक अपघात झाला तेव्हा लोक मोबाईल काढून उभे होते, आणि जखमी माणसाला धरायचं कसं हे यांना येत नव्हतं, म्हणून हेही उभे राहिले. ते उभं राहणं त्यांना सहन झालं नाही. २०१५ च्या सिंहस्थात ते तपोवनाकडे ड्युटीला होते आणि आता २०२६-२७ च्या सिंहस्थाची वाट बघतायत. माझ्या मते हे कारण सगळ्यात पक्कं. ज्याला एकदा हात बांधल्यासारखं झालं, तो पुन्हा तसं व्हायला नको म्हणून शिकतो.

लेकीने नंतर शोधून मला पीटर सफार यांची हकीकत वाचून दाखवली. हृदय थांबलेल्या माणसाला तोंडाने श्वास देणं आणि त्याची छाती दाबणं ही आजची सीपीआरची पद्धत घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते हे डॉक्टर. १९६६ मध्ये त्यांची स्वतःची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत पिट्सबर्गला फ्रीडम हाउस नावाची अँब्युलन्स सेवा उभी राहिली आणि तिच्या माणसांना त्यांनी तयार केलं. ती माणसं कोण, तर तिथल्या गरीब वस्तीतले कृष्णवर्णीय तरुण, ज्यांना कुणी कामावर ठेवत नव्हतं. त्या काळी तिथे आजारी माणसाला बहुधा पोलिसांच्या गाडीत टाकून नेत, मागे त्याच्याजवळ बसायलाही कुणी नसे. बापाचं दुःख आणि त्या पोरांची रोजीरोटी, दोन्ही कारणं एकाच गाडीत बसली. वाचताना मला सारखी तुमची टपरीवरची गोष्ट आठवत होती.

तुम्ही वाईटही लपवलं नाहीत. बारा-बारा तासांची पाळी. जुन्या नाशिकातल्या वाड्यांचे अंधारे अरुंद जिने, जिथे स्ट्रेचर वळत नाही आणि माणसाला चादरीत धरून उतरवावं लागतं, मग तरुणपणीच कंबर धरते. उशीर झाला म्हणून शिव्या, कधी अंगावर धावून येणं, मग उशीर कुणामुळे का झालेला असेना. या क्षेत्रात बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात, हेही सांगितलंत. आणि काही घरी तुम्ही पोचता तेव्हा माणूस गेलेला असतो, तरी घरचे तुमच्या हातांकडे बघत असतात. लेकीने विचारलं, मग तुम्ही काय करता? तुम्ही म्हणालात, "खाली बसते. उभं राहून सांगत नाही."

डॉक्टरताई, त्या क्षणी मला माझ्या मुलीची भीतीही वाटली आणि तिच्याबद्दल आदरही वाटला, कारण ती हे सगळं ऐकून उठली नाही. माझी भीती आजही गेलेली नाही. ती जाणार नाही, आईची आहे. पण ती आता नेमकी कशाची आहे ते मला कळतं, आणि घरात मी ती शब्दांत मांडू शकते. यजमानांना तुम्ही सांगितलेलं सगळं जसंच्या तसं सांगितलं, पगारासकट. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट या व्यवसायाची रीतसर नोंद आहे, शिक्षणाला चौकट येते आहे, हे तुमच्याकडून कळलेलंही सांगितलं. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. मग एका रात्री जेवताना म्हणाले, फी कधी भरायची आहे?

तर कळवायचं हे, की तिने आपत्कालीन वैद्यकीय सेवेच्या पदवीला प्रवेश घेतला आहे. सासूबाईंनी पहिल्या दिवशी तिला दही-साखर दिली आणि रात्री-अपरात्रीचा विषय पुन्हा काढला नाही, निदान तिच्यासमोर तरी नाही. आणखी एक. आमच्या कॉलनीतल्या बायकांना तुम्ही सीपीआर शिकवाल का, असं लेक तुम्हाला विचारणार आहे. मिनिटाला शंभर ते एकशे वीस दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हे ती आम्हाला लोडावर करून दाखवते, पण आम्हाला कुणीतरी चुका दाखवणारं हवं आहे. मंदिराचा सभामंडप रिकामा असतो, बायका वीसेक तरी येतील, तारीख तुमच्या सुट्टीप्रमाणे ठरवू.

पायलट दादांनाही घेऊन या. नानांनी तुम्हा दोघांसाठी द्राक्षाची एक-एक पेटी सांगून ठेवली आहे. छाटणी कधी झाली, माल कधी निघेल, हे ते तुम्हाला स्वतःच सांगतील. थांबायला सांगितलंत तरी थांबणार नाहीत.

तुमची कृतज्ञ,
मखमलाबादच्या नानांची सून