छोटीला फ्रेंच घेऊ दे, पण मराठीतून

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मंग्या,

छोटीनं बी.ए.ला फ्रेंच घ्यावं की नाही, असं तू विचारलंस आणि मी "पत्र लिहितो" म्हणून फोन ठेवून दिला. वैतागला असशील. पण हा विषय मला इतका जवळचा आहे की हो-नाही सांगून मोकळं होणं जमलं नसतं. उत्तर आधीच देतो: घेऊ दे. जरूर घेऊ दे. फक्त तिनं ती भाषा कशी शिकावी याबद्दल माझं एक म्हणणं आहे. ते नीट वाच आणि जमलं तर काकांनाही वाचून दाखव.

काका परवा मेनरोडला भेटले होते. त्यांची काळजी मला कळते. आपल्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच घेतात ते मार्कांसाठी. मराठीत सत्तर-पंचाहत्तरवर गाडी अडते, फ्रेंचमध्ये नव्वदच्या वर जाते आणि एकूण टक्का चढतो, म्हणून क्लासवाल्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे हाच सल्ला देतात. छोटीला मार्क पडलेही तसेच. पण या अभ्यासात असतं काय? क्रियापदं चालवा, रिकाम्या जागा भरा, उताऱ्याखालचे प्रश्न सोडवा, चार ओळींचं इंग्रजीत भाषांतर करा. कानाला आणि तोंडाला कामच नाही. मी ज्या वर्गात सुरुवात केली तिथंही हेच चालायचं. हुशार मुलं सगळे काळ फळ्यावर धडाधड लिहायची आणि समोर कुणी "कसे आहात" म्हणून विचारलं की गप्प व्हायची. यात मुलांचा काही दोष नव्हता. त्यांना कुणी बोलायलाच लावलं नव्हतं.

आता माझं म्हणणं. आपण फ्रेंच शिकतो ती इंग्रजीच्या आडून. शब्दकोश फ्रेंच-इंग्रजी, व्याकरण इंग्रजीतून समजावलेलं, शंका विचारायची तीही इंग्रजीत. आणि गंमत बघ, इंग्रजीत जे नाही आणि फ्रेंचमध्ये आहे, त्यातलं कितीतरी आपल्या मराठीत जन्मापासून आहे. ते बाजूला ठेवायचं, आधी इंग्रजीचा वळसा घालायचा आणि मग "फ्रेंच फार कठीण" म्हणायचं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मुलं हुशार असूनही या वळशात दमतात आणि दुसऱ्या वर्षी विषय सोडून देतात.

उदाहरणं देतो, म्हणजे तुला पटेल. "मी रोज नदीवर जायचो" आणि "मी काल नदीवर गेलो" यांतला फरक तुला कुणी शिकवला का? फ्रेंचमध्ये नेमके हेच दोन भूतकाळ आहेत, एक सवयीचा आणि चालू स्थितीचा, दुसरा घडून गेलेल्या गोष्टीचा. इंग्रजीतून शिकणाऱ्याला दोन्हीकडे बरेचदा एकच रूप दिसतं आणि तो अडखळतो. मराठी मुलाला फक्त सांगायचं, की "जायचो"च्या जागी हे आणि "गेलो"च्या जागी ते. शंभरातली नव्वद वाक्यं तिथंच सुटतात.

किंवा "तू यावंस अशी माझी इच्छा आहे" हे घे. आपण "यावंस" म्हणतो, "येतोस" म्हणत नाही, कारण येणं अजून घडलेलं नाही, ते मनातलं आहे. फ्रेंचही हेच करते. "झ व्हो क त्यू व्हिएन" यातलं शेवटचं क्रियापद नेहमीचं रूप टाकून इच्छेचं रूप घेतं. पुस्तकात याला मोठं नाव आहे आणि वर्गात त्याची भीती घातलेली असते. "यावंस, जावंस, करावंस" इतकं म्हटलं तरी अर्धी भीती जाते.

तिसरं तर मला अजूनही सुंदर वाटतं. "मी पत्र लिहिलं", पण "मी चिठ्ठी लिहिली". क्रियापद कर्माचं लिंग घेतं. फ्रेंचमध्ये कर्म क्रियापदाच्या आधी आलं की हेच होतं. "मी चिठ्ठी लिहिली" हे "झे एक्री ला लेत्र", पण "मी लिहिलेली चिठ्ठी" म्हणायचं झालं की "ला लेत्र क झे एक्रीत". शेवटचा तो "त" चिठ्ठी स्त्रीलिंगी आहे म्हणून आला. हा नियम पाठ करताना खुद्द फ्रेंच पोरंही रडकुंडीला येतात. आपल्या जिभेला अशी जुळणी लहानपणापासून ठाऊक आहे.

सगळं असं जुळतं असं मात्र नाही. लिंगं आपल्याकडे तीन, तिकडे दोन, आणि कुठलं नाम कुठल्या लिंगाचं याचा आपल्याशी काही मेळ नाही. ते पाठच करावं लागतं, शब्द शिकताना सोबतच्या "ल" किंवा "ला"सकट. आपण "घरात" म्हणतो, ते "आत" आधी म्हणतात आणि घर नंतर. "थोडं पाणी", "थोडा पाव" यांसाठी त्यांना वेगळं उपपद लागतं, आपल्याला नाही. इथं छोटीला कष्ट आहेत. लिहिलेलं आणि बोललेलं यांत तर फारच अंतर. "बोलणे"ची तीन वेगवेगळी रूपं कागदावर निरनिराळी दिसतात आणि कानाला सगळी "पार्ल"च ऐकू येतात. म्हणून मी सारखा सांगतो, आधी ऐक, मग वाच. त्यांचा "यू" यायला ओठ ऊ-साठी गोल करायचे आणि आतून ई म्हणायचं. सुरुवातीचे काही दिवस आरशासमोर करावं लागतं. अनुनासिकं मात्र आपल्याला सोपी जातात.

सत्तरपुढच्या आकड्यांना सगळे घाबरतात. सत्तर म्हणजे साठ अधिक दहा, ऐंशी म्हणजे चार विसा, नव्याण्णव म्हणजे चार विसा आणि एकोणीस. आपल्या खेड्यातल्या आज्या पैसे मोजताना "चार विसा" म्हणायच्याच की! बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर आणि नव्वदला सरळ वेगळे शब्द आहेत, हेही छोटीला सांग.

आता एक प्रसंग सांगतो, कारण माझं हे मत पुस्तकात वाचून झालेलं नाही. एम.ए. संपत आलं तेव्हा जानेवारीत दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षमळ्यावर मी दुभाषा म्हणून गेलो होतो. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च चालते, फ्रान्समध्ये ती ऑगस्ट ते ऑक्टोबरात होते, त्यामुळे तिकडचे जाणकार त्यांच्या मोकळ्या दिवसांत इकडे येऊ शकतात. बाग शेनँ ब्लाँची, म्हणजे मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली जात. तोवर तिथं मॅनेजर इंग्रजीतून काम भागवायचे. तिथं आलेला फ्रेंच पाहुणा मोडकंतोडकं इंग्रजी बोलायचा, मॅनेजर बायांना मराठीत सांगायचे, मग सगळं उलट परत जायचं. मी गेलो आणि मधला टप्पा गळून पडला.

पाहुण्याला साखर किती भरली ते यंत्रावर दिसतच होतं. त्याला जाणून घ्यायचं होतं की मणी आतून पिकला आहे का. तोडणीवरच्या एका मावशींनी घडाच्या खालच्या टोकाचा मणी चिमटीत दाबला, गर बाजूला सारला आणि बी तळहातावर ठेवली. "बी अजून हिरवट हाय बघा. वरच्या घडांची तपकिरी झाली, ह्यांची नाही." त्यानं ती बी दाताखाली धरली, चावली, मान हलवली. मग मावशी म्हणाल्या, "पूर्वी आम्ही खायच्या द्राक्षाला दिवाळीच्या सुमाराला छाटायचो, हिला औंदा आधीच छाटली." छाटायचो आणि छाटली. मंग्या, ते वाक्य मी फ्रेंचमध्ये केलं तेव्हा मला एक क्षणही थांबावं लागलं नाही. काळ आपोआप जागेवर पडले. पाहुणा लगेच विचारायला लागला, की वर्षातून दोनदा छाटणी कशाला? त्यांच्याकडे हिवाळ्यात एकदाच होते. मावशींनी त्याला एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची फळछाटणी असं सगळं समजावलं. तो वहीत लिहून घेत होता, आणि त्या सांगत होत्या त्या पूर्ण जाणकाराच्या आवाजात. इंग्रजीतून हे झालं असतं तर मावशींच्या वाट्याला "ती म्हणते, अजून कच्ची आहेत" एवढंच आलं असतं.

पाहुणा बोलायचा तसं फ्रेंच मी वर्गात कधी ऐकलं नव्हतं. नकारातला पहिला "न" गायब, "मला माहीत नाही" म्हणजे सरळ "शे पा", "आम्ही"च्या जागी सतत "ओं". रेडिओ आणि मुलाखती ऐकायची सवय होती म्हणून मी तरलो. छोटीनं रोज थोडं तरी ऐकावं, हा माझा हट्ट त्यासाठी आहे.

आणि हा फ्रेंच-मराठीचा थेट रस्ता आजचा नाही रे. आपण पांडवलेण्यांवर किती वेळा गेलो, तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, पराक्रम सांगणारा प्राकृत लेख आहे. नाशिकच्या लेण्यांतले लेख १९०५-०६च्या 'एपिग्राफिया इंडिका' या शिलालेखांच्या प्रकाशनात संपादित करून छापले ते एमिल सेनार या फ्रेंच पंडितानं. तुकोबांचे अभंग गी देलरी यांनी १९५६ साली फ्रेंचमध्ये नेले. शार्लोत व्होदविल यांनी १९६९मध्ये ज्ञानदेवांचा हरिपाठ नेला. गी प्वातवँ तर पुण्यालाच स्थायिक झाले आणि हेमा राईरकरांबरोबर त्यांनी गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. ही माणसं आपल्या आयाबायांचं मराठी ऐकायला इतक्या लांबून आली. आपण त्यांच्या भाषेकडे जाताना आपलं मराठी घरी ठेवून निघतो, हे मला पटत नाही.

आता काकांसाठी व्यवहाराचं. बी.ए.ला कुठल्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा ते मी तिच्याबरोबर बसून बघतो. पुढचं शिक्षण पुण्याला, आपल्या विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे. सर्टिफिकेट, डिप्लोमा आणि वर एम.ए.पर्यंत सोय. नाशिक-पुणे एसटीचे पाच तास आणि सिन्नर-संगमनेरची ती ट्रॅफिक धरून शनिवार-रविवार ये-जा करणारी मुलं आहेत, पण मुलीला तिथं राहायला पाठवणं जास्त बरं.

विद्यापीठाच्या डिग्रीबरोबर तिनं देल्फ द्यावी. ही फ्रेंच सरकारची परीक्षा, एकदा मिळालेलं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ए१पासून बी२पर्यंत चार पायऱ्या आहेत. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या प्रत्येकाला २५ गुण, एकूण १००, पास व्हायला ५०, आणि एकाही भागात ५च्या खाली गेलं तर नापास. म्हणजे नुसतं लिहून भागत नाही, तोंड उघडावंच लागतं. मला ही परीक्षा आवडते ती यासाठी. फ्रान्समध्ये फ्रेंच माध्यमातून शिकायचं असेल तर बहुतेक ठिकाणी बी२ मागतात. परीक्षा पुण्या-मुंबईच्या आलियाँस फ्राँसेज या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत होते.

नोकरीचं म्हणशील तर शिकवणं, भाषांतर, दुभाषाचं काम, फ्रेंच बोलणाऱ्या ग्राहकांची कामं बघणाऱ्या कंपन्या. नाशिकलाही हे अगदीच परकं नाही. २००७मध्ये महिंद्रा आणि फ्रेंच कंपनी रेनो यांची लोगन गाडी इथल्याच कारखान्यात बनायची, आणि दिंडोरीला शाँदों या फ्रेंच कंपनीची वाइनरी आहे. शिवाय सेनेगल, आयव्हरी कोस्ट, काँगो इथं माल पाठवणाऱ्याला फ्रेंचशिवाय कागद हलवता येत नाही. पण काकांना खोटं सांगू नकोस: पहिली दोन-तीन वर्षं पैसा कमी असतो, आणि बी२च्या अलीकडे थांबलेल्याला कुणी फारसं विचारत नाही. निदान तिथपर्यंत जायचंच, हे ठरवून सुरुवात करावी.

छोटीला म्हणावं, रविवारी सकाळी वही-पेन्सिल घेऊन ये. पहिल्या दिवशी आम्ही पुस्तक उघडणार नाही. तिनं मला मराठीत तिच्या शाळेतल्या दिवसांबद्दल सांगायचं, "जायचो, खेळायचो, एकदा पडलो" असं, आणि मी प्रत्येक वाक्याखाली फ्रेंच लिहीत जाईन. अकरा वाजता ये म्हणावं, नंतर आईनं साबुदाण्याची खिचडी करायचं कबूल केलंय.

काकूंच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव. आणि नागपूरचा उन्हाळा सुरू व्हायच्या आत एक चक्कर इकडे मार.

तुझा,
दिप्या