तिची भूक तिलाच कळू दे

प्रिय छोटी,

तुझं पत्र मिळालं. ‘ताई, ती काही म्हणजे काहीच खात नाही गं,’ हे तुझ्या वर्षाच्या लेकीबद्दलचं वाक्य वाचलं आणि ठरवलं की फोनवर अर्धवट बोलण्यापेक्षा नीट लिहूनच पाठवावं. तुझी सकाळची धांदल चालू असते तेव्हा इथे माझे डोळे मिटत असतात, आणि मध्येच पिल्लू रडायला लागलं की आपलं बोलणं तुटतं. लहान मुलांच्या आहाराचा सल्ला देणं हे माझं इथलं रोजचं काम. समोर बसलेली आई कुठल्या का देशाची असेना, वर्षाच्या मुलाबद्दल ती अगदी तुझ्यासारखंच बोलते. त्यामुळे तुझंच काहीतरी चुकतंय हा विचार आधी मनातून काढून टाक.

एक हिशेब बघ. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात मुलींचं मधलं वजन जन्माच्या वेळी 3.2 किलो, वर्षाला 8.9 किलो आणि दोन वर्षांना 11.5 किलो दिलंय. म्हणजे पहिल्या वर्षात साडेपाच किलोंहून जास्त भर आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलोंची. वाढीचा वेगच निम्म्याहून खाली आला, तर भूक तेवढीच कशी राहील? आठव्या-नवव्या महिन्यात ती वाटी चाटूनपुसून संपवायची आणि आता चार घासांत तोंड फिरवते, याचं मोठं कारण हेच आहे. शिवाय आता तिला चालायचंय, कपाटं उघडायची आहेत. एका जागी बसून खाण्यात तिचं मन रमत नाही.

हा तक्ता 2006 साली आला. तो करताना भारत धरून सहा देशांतली मुलं मोजली होती, त्यामुळे ‘तो परदेशी मुलांचा’ असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. तुझ्याकडच्या वजनाच्या कार्डावर तिची वजनं एका रेषेच्या आसपास वर सरकतायत का, एवढं बघ. ती रेष मधली असायलाच हवी असं नाही. बारीक चणीची मुलगी तिच्या खालच्या रेषेवरून छान वाढत असते. शेजारच्या गुबगुबीत बाळाकडे बघून तिला मोजू नकोस, आणि कुणी मोजलं तर मला सांग, मी बोलेन त्यांच्याशी.

आता दुधाचं. यावर मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट तीच आहे. ती जेवत नाही म्हणून दिवसभरात बाटलीने लिटरभर दूध जातं, असं तू लिहिलंस. आईचंही म्हणणं की निदान दूध तरी पोटात जातंय. माया समजते, पण गणित उलटं पडतंय. या वयात दिवसाला साधारण 900 कॅलरी लागतात. लिटरभर साईच्या दुधातून 600 हून जास्त मिळतात. म्हणजे दोन-तृतीयांश पोट दुधानेच भरलं. मग जेवणाला भूक उरणार कुठून? ती जेवत नाही म्हणून दूध, आणि दूध प्यायली म्हणून जेवण नाही, असं हे चालू राहतं.

त्यात दुधात लोह जवळजवळ नसतंच. लिटरभर दुधात एक मिलिग्रॅमही भरत नाही, आणि अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे एक ते तीन वर्षांच्या मुलाला रोज 7 मिलिग्रॅम लागतं. जन्माच्या वेळी शरीरात असलेला साठा सहाव्या महिन्याच्या आसपास संपत आलेला असतो. शिवाय दुधातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. लोह कमी पडलं की मूल फिकट दिसतं, चिडचिडं होतं आणि त्याची भूक आणखी मंदावते. हे मी डोळ्यांनी बघते गं. गोरीगोमटी, गुटगुटीत दिसणारी मुलं आणि रक्त तपासलं की हिमोग्लोबिन कमी. त्यांच्या आयांना धक्काच बसतो, कारण दूध पाजण्यात त्यांनी कधी हयगय केलेली नसते.

तेव्हा वरचं दूध हळूहळू 400 ते 500 मिलिलिटरवर आण. एकदम तोडू नकोस, आठवडाभरात एकेक बाटली कमी कर. आणि बाटली सोडून कप धर. सांडेल, अंगावर घेईल, घेऊ दे. कपाने मूल तहानेपुरतं पितं, बाटली मात्र खेळता खेळता, झोपेत, कशीही रिकामी होते. झोपेतली बाटली दातांनाही वाईट. दूध जेवणाच्या आधी नको, जेवणानंतर दे. तुझी रात्रीची अंगावरची पाजणी चालू आहे ती मात्र खुशाल चालू ठेव. दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला काहीच हरकत नाही.

पहिले काही दिवस ती दुधासाठी रडेल. तेव्हा आईला तिथून उठून जावंसं वाटेल. तिला जाऊ दे, पण तू ठाम राहा. जेवणाच्या वेळा तीन आणि मधल्या खाण्याच्या एक-दोन, यांत दोन-अडीच तासांचं अंतर राखलंस की भूक आपोआप जागेवर येते. त्या मधल्या वेळात फक्त पाणी. बिस्कीट, फळांचा रस, तोंडात सतत काहीतरी, हे सगळं बंद. रसाने पोट भरतं आणि हाती साखरेशिवाय फारसं काही लागत नाही. त्यापेक्षा अख्खं फळ मऊ करून दे.

खाऊ घालण्याच्या पद्धतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. काय वाढायचं, कधी वाढायचं आणि कुठे बसवायचं हे तू ठरव. खायचं की नाही आणि किती, हे तिला ठरवू दे. ऐकायला सोपं वाटतं, पण करताना जीव वरखाली होतो, मला ठाऊक आहे. शिकागोतल्या क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी हेच पारखून बघितलं. त्यांनी 1928 साली आपले पहिले निष्कर्ष छापले. नुकतंच दूध सुटू लागलेल्या बाळांपुढे साध्या पदार्थांची ताटं ठेवायची, आणि शेजारी बसलेल्या परिचारिकेने चमचा हातात धरून गप्प राहायचं. बाळाने एखाद्या वाडग्याकडे हात केला तरच चमचा भरायचा, आणि त्याने तोंड उघडलं तरच भरवायचं. पुढे अशी 15 मुलं त्यांनी अभ्यासली. एखादं मूल आज अंडीच अंडी खाई, उद्या फक्त केळी. एका जेवणाकडे बघून कुणालाही काळजी वाटली असती. पण सगळी मुलं छान वाढली. यातली मेख डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगितली होती. त्या यादीत तीसहून अधिक पदार्थ होते आणि सगळे पौष्टिक, साखर किंवा गोडधोड एकही नाही. निवड मुलाची, पण ताटात काय येणार ते मोठ्यांच्या हातात. म्हणून तूसुद्धा एका जेवणाचा हिशेब ठेवू नकोस, आठवड्याचा ठेव.

तोंड फिरवलं, ओठ मिटले, हाताने चमचा ढकलला, की तिचं झालं. तिथेच थांब. मांडीत आडवं धरून, हात दाबून घास कोंबणं तर नाहीच. त्याने एक-दोन घास जास्त जातात, पण मुलाला चमचा दिसला की भीती वाटायला लागते, आणि ठसक्याचा धोका वेगळाच. मोबाइलवर गाणी लावून भरवणंही बंद कर. आजी-आजोबांना तो सोपा उपाय वाटतो, कारण वाटी संपते. पण पडद्याकडे डोळे लागले की पोट भरल्याची जाणीवच होत नाही, आणि पडदा बंद केला की तोंडही बंद. ‘हे संपव मग खाऊ देते’ हेही पुढे कधी सुरू करू नकोस. लिअॅन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात छोट्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की बक्षीस लावून दिलेला पदार्थ मुलांना नंतर आधीपेक्षा कमी आवडू लागतो.

नवीन चव एकदा थुंकली म्हणजे ती आवडत नाही असं लिहून टाकू नकोस. बऱ्याच मुलांना एखादा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावा लागतो. तिच्या ओळखीच्या, आवडत्या पदार्थाशेजारी नव्या भाजीचा बोटभर तुकडा ठेव आणि त्याबद्दल बोलूच नकोस. हात लावला, चुरगाळला, वास घेतला, खाली टाकला, तरी पुरे. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेव. आणि तुम्ही जेवता तेव्हाच तिला शेजारी बसवा. तुमच्या ताटातलं बघून मुलं जेवढं शिकतात तेवढं आग्रहाने कधीच शिकत नाहीत. तुमचं जेवण झाल्यावर तिला वेगळं भरवायची सवय मात्र मोड.

सगळं मिक्सरमधून काढून देतेस तेही आता थांबव. वर्षाच्या मुलाला हिरड्यांनी चिरडता येईल एवढं मऊ अन्न चालतं, दात किती आलेत याला फार महत्त्व नाही. चावायची सवय उशिरा लागली की गाठी असलेलं अन्न नकोच म्हणायला लागतात. फक्त अख्खे दाणे, सुकामेव्याचे तुकडे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे हे देऊ नका. शेंगदाणे-बदाम बारीक पूड करून किंवा मऊ लगद्यासारखे वाटून घाला, द्राक्षं उभी चार भागांत कापा. खाताना ती नेहमी बसलेली असू दे आणि जवळ कुणीतरी मोठं असू दे.

पोट लहान आहे, त्यामुळे थोड्या घासात जास्त सत्त्व बसव. पातळ पाण्यासारखी डाळ देण्यापेक्षा घट्ट डाळ दे, आणि वरून तूप किंवा तेल घाल. या वयात स्निग्ध पदार्थ कमी करायचे नसतात. एका अंड्यात जवळजवळ एक मिलिग्रॅम लोह आणि उत्तम प्रथिनं मिळतात. घरात मासे-मटण चालत असेल तर अगदी मऊ शिजवून, बारीक करून दे, त्यातलं लोह शरीराला सहज लागू पडतं. डाळी, कडधान्यं, हिरव्या पाल्यातलं लोह तेवढं सहज शोषलं जात नाही, म्हणून त्यावर लिंबू पीळ, किंवा टोमॅटो, संत्रं त्याच जेवणात दे. चहाचा घोटही नको, त्याने लोह अडतं. साखर आणि वरचं मीठ आत्ता नसलेलंच बरं.

डॉक्टरांकडे कधी जायचं तेही सांगते. वजन दोन-तीन महिने वाढलंच नाही किंवा कार्डावरची रेष उतरत चालली, गिळताना ठसका लागतो, वारंवार उलट्या होतात, ती फिकट दिसते, माती खाते, किंवा मोजक्याच पदार्थांपलीकडे कशालाच तोंड लावत नाही, तर वाट बघू नकोस. शी घट्ट होत असेल तर तेही सांग. बद्धकोष्ठतेनेही मुलांची भूक मरते, आणि जास्त दूध पिणाऱ्या मुलांत तो त्रास बराच दिसतो. एवढं दूध इतके दिवस जात होतं म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी तर आत्ताच करून घे. लोहाचे थेंब मात्र डॉक्टरांनी मापून दिले तरच. भूक वाढवणारी टॉनिकं कुणी सुचवली तर घेऊ नकोस, आधी मला फोन कर.

तिच्या वजनाच्या कार्डाचा फोटो पाठव, सगळ्या नोंदी दिसतील असा. आणि तीन दिवस ती काय काय खाते-पिते ते लिहून ठेव, दूध मिलिलिटरमध्ये. रविवारी तुझी दुपार असेल तेव्हा मी फोन करते, तेव्हा आईलाही जवळ बसव. नातीला मोबाइलशिवाय भरवायचं कसं, हा प्रश्न आई मलाच विचारणार आहे.

तुझी,
ताई